दंडाचं मशीन, मनगटाचं मशीन, घड्याळ की २४ तासांचा पट्टा: बीपीचा कुठला आकडा धरायचा?

निकाल आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं लांबण वाचायचा कंटाळा असेल त्यांची सुटका होईल. रोजच्या वापराला दंडावर पट्टा बांधायचं ऑटोमॅटिक मशीन, आणि बीपी आहे की नाही हे पहिल्यांदा ठरवताना किंवा आकड्यांचा मेळच बसत नसेल तेव्हा एकदा २४ तासांचं मॉनिटरिंग. मनगटाचं मशीन नाइलाज असेल तर. घड्याळ हौस म्हणून. आणि कॅमेऱ्यावर बोट ठेवून बीपी सांगणारं अॅप फोनमध्ये असेल तर ते वाचायचं थांबवून आधी उडवा, मग पुढे वाचा.

मला बीपी आहे, गोळी चालू आहे, वडिलांनाही आहे आणि त्यांचे तर ठोकेही अनियमित पडतात, त्यामुळे घरात बीपी हा विषय रोजचाच आणि यातलं बहुतेक सगळं वापरून झालंय. मी डॉक्टर नाही हे वेगळं सांगायला नको. गोळी वाढवायची कमी करायची ते तुमचे डॉक्टरच ठरवणार, पण ते ज्या आकड्यावरून ठरवणार तो आकडा आपण मोजून नेतो, म्हणून एवढं सगळं लिहितेय.

सुरुवात क्लिनिकपासून. पट्टा बांधायचा, हवा भरायची, स्टेथोस्कोप कोपराच्या आतल्या बाजूला ठेवून आवाज ऐकत हवा सोडायची, ही पद्धत शंभर वर्षांपेक्षा जुनी आहे. पट्ट्याचं यंत्र इटलीच्या रिवा-रोच्चीचं, १८९६ सालचं, आणि आवाज ऐकायची युक्ती कोरोतकॉफ नावाच्या रशियन सर्जनची, १९०५ ची. पद्धत उत्तमच आहे, आजसुद्धा नवीन मशीन बरोबर मोजतं का हे तपासायला दोन शिकलेली माणसं कानाला स्टेथोस्कोप लावूनच बसतात. घोळ होतो तो आजूबाजूच्या परिस्थितीत. तुम्ही घाईघाईत जिना चढून आलेले असता, लगेच नंबर लागतो, तुम्ही बोलत असता, डॉक्टर विचारत असतात "झोप कशी आहे?", तुम्ही उत्तर देत असता आणि तेवढ्यात पट्टा शर्टाच्या बाहीवरूनच गुंडाळला जातो. मग आकडा येतो १५०/९०. आणि १४०, १५०, १६० असे शून्यावर संपणारे आकडे इतके कसे काय येतात याचंही उत्तर सोपं आहे, कानाने ऐकून मोजणारा माणूस नकळत जवळच्या गोल आकड्याकडे सरकतो, यावर अभ्यास झालेले आहेत.

शिवाय डॉक्टर समोर दिसले की काहींचं बीपी उगाच चढतं, त्याला व्हाइट कोट हायपरटेन्शन म्हणतात आणि ते बहुतेकांनी ऐकलेलं असतं. त्याच्या उलटं जे असतं ते कमी लोकांना माहितीये आणि जास्त घातक तेच. क्लिनिकमध्ये १२८/७८, सगळे खूश, आणि घरी किंवा कामाच्या ठिकाणी रोज १४५. याला मास्क्ड म्हणतात, म्हणजे तोंडावर मुखवटा घातलेलं बीपी. क्लिनिकच्या एका आकड्यावर सोडलं तर हे वर्षानुवर्षं सापडतच नाही, कारण नॉर्मल आलेलं रीडिंग पुन्हा कोण तपासतंय. म्हणून क्लिनिकच्या रीडिंगला माझ्याकडून मार्क कमी. डॉक्टरवर अविश्वास म्हणून अजिबात नाही, दोन-तीन मिनिटांत दोन-तीन महिन्यांचा अंदाज बांधायची अपेक्षाच चुकीची आहे.

हां, एक गोष्ट मात्र क्लिनिकमध्येच करून घ्यावी, पहिल्यांदा दोन्ही हातांचं बीपी मोजून घ्यायचं. दोन्हींत थोडा फरक असतोच, पण वरच्या आकड्यात १० पेक्षा जास्त फरक पुन्हा पुन्हा येत असेल तर डॉक्टरांना त्याची नोंद हवी असते, आणि पुढे कायम ज्या हाताचं जास्त येतं त्याच हातावर मोजायचं. वयस्कर माणसांचं उभं राहूनही मोजून घ्या, बसलेलं आणि उठल्यावर तीन मिनिटांच्या आतलं. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने पडला तर ती चक्कर येऊन पडण्याची पूर्वसूचना असते आणि गोळ्या वाढवण्याआधी ते कळलेलं बरं.

आता घरचं दंडाचं मशीन. याच्यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण खरं काम हेच करतं.

आधी हे समजून घ्या की हे मशीन काही ऐकत नाही. पट्टा फुगतो, रक्तवाहिनी दाबली जाते, मग हवा हळूहळू सुटताना प्रत्येक ठोक्यागणिक पट्ट्यातल्या हवेला जी बारीक थरथर जाणवते ती मशीन मोजतं. थरथर सर्वात जास्त असते तेव्हा सरासरी दाब मिळतो, आणि वरचा नि खालचा आकडा कंपनीने आत घातलेल्या गणितातून निघतो. हे गणित प्रत्येक कंपनीचं वेगळं आणि गुप्त. त्यामुळे एकाच हातावर दोन कंपन्यांची मशीनं लावली तर आकडे चार-सहा पॉइंटने वेगळे येणारच, त्यावरून "एक मशीन खराब आहे" असा निष्कर्ष काढू नका. आणि ठोके अनियमित असतील, म्हणजे वडिलांसारखं एट्रियल फिब्रिलेशन असेल, तर ही थरथरच वेडीवाकडी येते, मग एका रीडिंगला काही अर्थ राहत नाही, लागोपाठ तीन घेऊन सरासरी धरावी लागते. वडिलांचं पहिलं १५२, दुसरं १३४, तिसरं १४३ असं येतं आणि ते दर वेळी माझ्याकडे असं बघतात की जणू मशीन मीच बनवलंय.

आता घेताना काय बघायचं? पॅकवर मोठ्या अक्षरात "क्लिनिकली प्रूव्हन" लिहिलेलं असतं त्याला काहीही किंमत देऊ नका. मॉडेल नंबर बघा आणि तो स्ट्राइड बीपी किंवा अमेरिकेतली व्हॅलिडेट बीपी किंवा ब्रिटिश-आयरिश हायपरटेन्शन सोसायटीची यादी यांपैकी कुठेतरी आहे का ते शोधा, तिन्ही याद्या नेटवर फुकट आहेत. २०१८ पासून यासाठी एकच आंतरराष्ट्रीय कसोटी ठरलीये, तीत इतर गोष्टींबरोबर असंही आहे की सरासरी चूक ५ पॉइंटपेक्षा जास्त नको आणि आकड्यांची विखुरण ८ च्या आत हवी. बाजारात मॉडेल्स हजारोंनी आहेत, त्यातली थोडीच या यादीत पोचलीयेत. कंपनी प्रसिद्ध आहे म्हणून तिचं प्रत्येक मॉडेल यादीत असेल असं नाही, नंबर अक्षरन् अक्षर जुळवा, शेवटचं एक अक्षर बदललं की मशीन बदलतं. आणि गरोदर बाईसाठी घेत असाल तर गरोदरपणासाठी वेगळं तपासलेलं मॉडेलच घ्या, प्रीएक्लॅम्पसियात, म्हणजे गरोदरपणात बीपी धोकादायक चढतं त्या आजारात, साधं मशीन कमी आकडा दाखवू शकतं आणि तिथे ती चूक परवडणारी नाही.

मशीनपेक्षाही महत्त्वाचा पट्टा, आणि इथेच बहुतेक लोक गंडतात. टेप घ्या, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर दंडाचा घेर मोजा, तो सेंटीमीटर आकडा पट्ट्यावर छापलेल्या रेंजमध्ये बसतोय का बघा. मशीनबरोबर येणारा पट्टा मध्यम मापाचा असतो. दंड जाड असेल आणि पट्टा लहान पडला तर आकडा फुगून येतो. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात यावर एक छान साधा प्रयोग झाला, २०२३ साली प्रसिद्ध झालाय, त्यात ज्यांना सर्वात मोठा पट्टा लागत होता त्यांना साधा पट्टा बांधला तर वरचा आकडा सरासरी जवळजवळ २० ने जास्त आला. २०! म्हणजे १२५ वाला माणूस १४५ वाला झाला आणि चुकीच्या मापाच्या पट्ट्यामुळे आयुष्यभराची गोळी लागली. उलट बारीक दंडाला मोठा पट्टा बांधला तर आकडा कमी येतो. म्हणजे वेगळा पट्टा मिळतो का हे मशीन घेण्याआधी विचारायचं, नंतर नाही.

दुसरी तिथलीच गोष्ट हाताच्या उंचीची. हात टेबलावर, पट्टा हृदयाच्या पातळीला, असं सगळीकडे लिहिलेलं असतं आणि तरी निम्मे लोक हात मांडीवर ठेवतात. २०२४ मध्ये त्याच हॉपकिन्सच्या लोकांनी हेही मोजलं, मांडीवर हात ठेवला तर वरचा आकडा साधारण ४ ने जास्त, आणि हात बाजूला लोंबकळत ठेवला तर साडेसहाने जास्त. कारण साधं आहे, हात खाली गेला की रक्ताच्या उंचीचं वजन त्यात मिळतं, दर १० सेंटीमीटरला साताठ पॉइंट. टेबल बुटकं असेल तर हाताखाली उशी घ्या. आमच्याकडे एक जाड शब्दकोश आहे, कित्येक वर्षांत कोणी उघडला नव्हता, तो आता रोज दोनदा वापरला जातो.

बाकीचे नियम सगळ्यांना पाठ असतात पण पाळत कोणी नाही. अर्धा तास आधी चहा-कॉफी, तंबाखू, व्यायाम नको, लघवीला जाऊन यायचं, पाठ टेकून बसायचं, पाय जमिनीला टेकलेले, पायावर पाय नाही, उघड्या दंडावर पट्टा, आणि पाच मिनिटं गप्प बसायचं. पाच मिनिटं गप्प हा सगळ्यात अवघड भाग. फोन बघत बसणं म्हणजे गप्प बसणं नव्हे, ऑफिसच्या ग्रुपवरचा एक मेसेज पुरतो. मग पट्टा फुगायला लागला की मशीनच्या आकड्यांकडे टक लावून बघायचं नाही, १६०... १७०... असा आकडा चढताना बघितला की घाबरायला होतं, पण तो तुमच्या बीपीचा आकडा नसतो, पट्ट्यात किती हवा भरली त्याचा असतो. मधेच हात हलवला किंवा बोललात तर मशीन थबकतं आणि परत आणखी जोरात हवा भरायला लागतं, दंड चिमटल्यासारखा होतो, ते रीडिंग सोडून द्या आणि मिनिटभर थांबून नव्याने घ्या.

आणि रोज उठून दहा वेळा मोजायचं नाही. मला वाटतं या मशीनचा सगळ्यात मोठा दोष मशीनमध्ये नाहीच, ते हाताशी असतं हाच दोष. जरा डोकं दुखलं, लाव पट्टा. भांडण झालं, लाव पट्टा. मग १५८ येतं, मग काळजीने परत लावायचं, मग १६६. हा खेळ खेळू नका. पद्धत अशी आहे की डॉक्टरकडे जायच्या आधीचा आठवडा मोजायचं, सात दिवस, निदान तीन तरी, सकाळी दोन आणि संध्याकाळी दोन, दोन रीडिंगमध्ये एक मिनिटाचं अंतर. सकाळचं उठल्यावर तासाभरात, लघवी झाल्यावर, गोळी आणि नाश्त्याच्या आधी. पहिल्या दिवसाचे आकडे फेकून द्यायचे आणि बाकीच्यांची सरासरी काढायची. ती सरासरी १३५/८५ किंवा वर असेल तर जास्त. लक्षात घ्या, क्लिनिकला हीच रेघ १४०/९० आहे, घरची रेघ खाली आहे, त्यामुळे "घरी १३८ येतंय म्हणजे १४० च्या आत" म्हणून निवांत राहण्यात अर्थ नाही. (अमेरिकेतल्या २०१७ च्या नियमांनी तर क्लिनिकचीच रेघ १३०/८० वर आणून ठेवलीये, त्यामुळे तुमचे डॉक्टर कुठले नियम मानतात ते एकदा विचारून घ्या.)

वहीत लिहिणं की मशीनची मेमरी? मेमरी. ठामपणे मेमरी. वडिलांची वही मी बघितलीये, सुंदर अक्षर, तारीख, वार, वेळ, सगळं आणि आकडे १२६, १२८, १२४. मशीनची मेमरी उघडली तर त्याच दिवशी १४९ पण होतं. विचारलं तर म्हणाले, "ते चुकून आलं होतं, म्हणून लिहिलं नाही." मी म्हटलं बाबा, १२४ चुकून आलं असं का नाही वाटत तुम्हाला? तर गप्प. असं करणारे ते एकटे नाहीत, लोक वाईट आकडे गाळतात हे अभ्यासातही दिसलंय. म्हणून सरासरी स्वतः काढून दाखवणारं, आणि घरात दोघांना वापरायचं असेल तर दोन माणसांची वेगवेगळी मेमरी ठेवणारं मशीन घ्या. ब्लूटूथ असेल तर छान, नसेल तर काही बिघडत नाही, मेमरीच्या आकड्यांचे फोटो काढून डॉक्टरांना दाखवले तरी चालतं. हिरवा-पिवळा-लाल दिवा, बोलणारं मशीन वगैरे गोष्टींवर भुलू नका, बोलणारं तर मुळीच नको, शेजारच्या खोलीत आकडा ऐकू जातो आणि सगळे धावत येतात. अनियमित ठोक्यांचं चिन्ह मात्र उपयोगी, ते सारखं दिसायला लागलं तर ईसीजी काढून घ्यायला सांगतात.

याने खरंच फरक पडतो का? पडतो, पण एक अट आहे. ब्रिटनमध्ये टास्मिन-एच४ नावाची चाचणी झाली, २०१८ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आली, अकराशेहून जास्त रुग्ण, सगळ्यांचं बीपी आटोक्याबाहेर. एका गटाची औषधं नेहमीसारखी क्लिनिकच्या आकड्यांवर ठरवली, दुसऱ्या गटाची घरच्या आकड्यांवर, तिसऱ्याने घरचे आकडे फोनवरून पाठवायचे. वर्षानंतर वरचा आकडा पहिल्या गटात सरासरी १४०.४, दुसऱ्यात १३७, तिसऱ्यात १३६. तीन-चार पॉइंट ऐकायला किरकोळ वाटतात, पण एवढा फरक वर्षानुवर्षं टिकला तर स्ट्रोकचा धोका चांगलाच कमी होतो. अट अशी की आकडे डॉक्टरपर्यंत पोचले पाहिजेत आणि त्यावर काहीतरी झालं पाहिजे. नुसतं मशीन घेऊन, मोजून, कपाटात ठेवलं तर बीपी फारसं हलत नाही, हेही बऱ्याच अभ्यासांची एकत्र बेरीज करून दिसलेलं आहे.

आता २४ तासांचं मॉनिटरिंग, एबीपीएम. बरेच जण याला होल्टर म्हणतात, होल्टर वेगळा, त्यात ईसीजी निघतो. यात दंडाला पट्टा, तिथून कपड्याच्या आतून गळ्यामागून एक नळी आणि कमरेला डबी. साधारण ज्या हाताने लिहीत नाही त्या हाताला बांधतात. दिवसा दर १५ ते ३० मिनिटांनी आणि रात्री दर अर्ध्या तासाने किंवा जरा जास्त अंतराने आपोआप फुगतं. बांधणाऱ्या मुलाने मला सांगितलं, "मॅडम, पट्टा आवळायला लागला की जिथे असाल तिथे थांबायचं, हात सरळ खाली सोडायचा, ढिला ठेवायचा, बोलायचं नाही." मी विचारलं, "आणि झोपेत?" तर म्हणाला, "झोपेत झोपायचं मॅडम." एवढं सोपं असतं तर काय हवं होतं.

खरं सांगायचं तर हा प्रकार वैतागवाणा आहे. आंघोळ नाही. फोनवर बोलताना मधेच गूंऽऽ करून फुगायला लागतं आणि समोरच्याला थांब म्हणावं लागतं, नाही थांबलात तर रीडिंग फसतं आणि मिनिट-दोन मिनिटांत मशीन परत प्रयत्न करतं, म्हणजे शिक्षा दुप्पट. रात्री पट्टा फुगला की जाग येते, कुशीवर वळलात की नळी ओढली जाते. सकाळी दंडावर पट्ट्याच्या कडांचे लाल वळ आणि बारीक लाल ठिपके, ते जातात एक-दोन दिवसांत. झोपच नीट लागली नसेल तर रात्रीचे आकडे खरे मानायचे का, हा प्रश्न मलाही पडला होता आणि तो रास्त आहे, म्हणूनच रिपोर्ट देताना झोप कशी लागली, कधी झोपलात, कधी उठलात, गोळी कधी घेतली हे लिहून द्यायला सांगतात. तो कागद नीट भरा, "नॉर्मल दिवस" एवढंच लिहून देऊ नका. जिना चढलात त्या वेळी १६२ आलं आणि कागदावर जिन्याचा उल्लेख नाही, तर डॉक्टरांना कसं कळणार.

पण रिपोर्ट हातात आला की कळतं, हे दुसऱ्या कुठल्याच यंत्राने दाखवलं नसतं. झोपेत बीपी १० ते २० टक्क्यांनी उतरायला हवं. काहींचं उतरतच नाही, काहींचं तर रात्री चढतं आणि या लोकांना हृदयाचा आणि स्ट्रोकचा धोका जास्त असतो. झोपेत श्वास अडकण्याचा आजार, किडनीचा आजार, डायबिटीस, अशा माणसांत हे जास्त दिसतं, त्यामुळे रात्रीचा आलेख सपाट दिसला की डॉक्टर घोरण्याची चौकशी करायला लागतात. घरचं मशीन इथे आंधळं. स्पेनमधल्या जवळजवळ ५९ हजार लोकांचा याच मॉनिटरिंगचा डेटा २०२३ मध्ये लॅन्सेटमध्ये आला होता, त्यात मृत्यूचा धोका सांगण्यात २४ तासांचे आणि विशेषतः रात्रीचे आकडे क्लिनिकच्या आकड्यापेक्षा कितीतरी सरस ठरले. ब्रिटनमध्ये तर २०११ पासूनच नियम आहे की क्लिनिकमध्ये जास्त आलं तर निदान पक्कं करायला हे मॉनिटरिंग करा, जमत नसेल तर घरचं मोजमाप.

रिपोर्ट वाचताना तीन सरासऱ्या बघायच्या. पूर्ण २४ तासांची १३०/८० च्या खाली, दिवसाची १३५/८५ च्या खाली, झोपेतली १२०/७० च्या खाली. आणि किती रीडिंग यशस्वी झाली तेही बघा, निदान ७० टक्के हवीत, दिवसाची २० आणि रात्रीची ७ तरी. यापेक्षा कमी असतील तर छान रंगीत आलेख आला तरी त्यावर फार विसंबू नका, परत करावं लागतं. एक मोठं रीडिंग दिसलं, समजा १७८, म्हणून त्यावरच बोट ठेवून रडत बसू नका, दिवसभरात प्रत्येकाचं बीपी वरखाली होतं, बघायची असते ती सरासरी. मार्क पूर्ण देते, फक्त दर दोन महिन्यांनी कोणी करणार नाही आणि करायची गरजही नसते.

मनगटाचं मशीन. दिसायला देखणं, बॅगेत मावतं, शर्टाची बाही वर करायला लागत नाही, म्हणून भेट द्यायला लोक हेच निवडतात. पण मनगटातल्या रक्तवाहिन्या बारीक, हाडाच्या कडेने, आणि मनगट जरा खालीवर झालं की आकडा पळतो. कोपर टेबलावर टेकवून मनगट छातीजवळ धरायचं असतं, एरवी लोक कुठेही धरतात. दंड इतका जाड किंवा निमुळता असेल की कुठलाच पट्टा नीट बसत नाही, किंवा दंडाला पट्टा लावायला डॉक्टरांनीच मनाई केलीये, अशांना तपासलेलं मनगटाचं मशीन ठीक. बाकीच्यांनी वाटेला जाऊ नये.

घड्याळं. इथे भाऊगर्दी आहे. बहुतेक घड्याळं हिरव्या दिव्याने मनगटातल्या रक्ताची लाट बघतात आणि तिच्या आकारावरून दाबाचा अंदाज बांधतात. सॅमसंगच्या घड्याळाला तर दर २८ दिवसांनी खऱ्या पट्ट्याच्या मशीनने कॅलिब्रेट करावं, म्हणजे त्याच्या आकड्याशी जुळवून घ्यावं लागतं, म्हणजे दंडाचं मशीन घरात लागणारच. आणि कॅलिब्रेशनचा आकडा चुकला तर पुढचा महिना तीच चूक घड्याळ इमानदारीत सांगत राहणार. यात माझी खरी अडचण अशी की औषध बदललं, बीपी खरंच उतरलं, तर ते घड्याळ किती पकडतं? रात्रीचं उतरणं नीट न पकडणं हाही दोष अशा यंत्रांत दिसलेला आहे. युरोपियन सोसायटी ऑफ हायपरटेन्शनने तर स्पष्ट सांगितलंय की बिनपट्ट्याची यंत्रं निदानाला किंवा औषध ठरवायला वापरू नका. अॅपलने २०२५ मध्ये वेगळा रस्ता धरला, आकडा देतच नाही, महिनाभराचं निरीक्षण करून "तुम्हाला हायपरटेन्शन असू शकतं, तपासून घ्या" एवढी सूचना देतं. हे मला जास्त प्रामाणिक वाटलं. पण सूचना आली नाही म्हणजे बीपी नाही असं धरू नका, कंपनी स्वतःच तसं सांगते. आणि ज्यांना बीपी आहे हे आधीच माहीत आहे त्यांना त्या सूचनेचा उपयोग नाहीच. ओम्रॉन कंपनीच्या एका घड्याळात मनगटाला बांधायच्या पट्ट्याच्या आतच हवेने फुगणारा खरा बीपीचा पट्टा होता, तो प्रकार निराळा, ते मनगटाच्या मशीनसारखंच धरायचं.

फोनच्या अॅपबद्दल एकच सांगते. २०१६ मध्ये एका खूप खपलेल्या अॅपची तपासणी झाली, त्यात बीपी वाढलेल्या पाचांतल्या जवळजवळ चौघांना त्याने "ठीक आहे" दाखवलं. घरची मशीनं काय किंवा घड्याळं काय, चुकतात तेव्हा निदान दोन्ही बाजूंना चुकतात. बीपी वाढलेल्यांच्या बाबतीत हे चुकतं ते त्यांना बरं वाटेल अशा बाजूला.

सार्वजनिक ठिकाणी ठेवलेलं, हात आत घालायचं मोठं मशीन: एकच माप सगळ्यांना, आजूबाजूला गोंगाट, मागे रांग. कधीच मोजलं नसेल अशा माणसाने कुतूहल म्हणून हात घालावा, जास्त आलं तर नीट मोजून घ्यावं, एवढाच उपयोग.

घरच्या मशीनवर १८०/१२० च्या वर आलं तर काय, हे सगळे विचारतात. छातीत दुखतंय, धाप लागलीये, एका बाजूची ताकद गेलीये, बोलणं अडखळतंय, दिसायला एकदम कमी झालंय, यातलं काहीही असेल तर पुन्हा मोजत बसू नका, लगेच हॉस्पिटल. यातलं काही नसेल तर पाच मिनिटं शांत बसून परत मोजा, तरी तेवढंच असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. मनाने जास्तीची गोळी घेऊ नका, बीपी झपकन खाली आणणंही धोक्याचं असतं.

वर्षातून एकदा घरचं मशीन बरोबर घेऊन डॉक्टरकडे जा, त्यांच्या मोजमापाशेजारी तुमचं लावून बघा, आणि पट्टाही बघून घ्या, वेल्क्रो झिजून मधेच सुटायला लागलं किंवा नळीला चीर गेली असेल तर पट्टा बदला. डायलवाल्या, म्हणजे काट्याच्या मशीनला तर सहा महिन्यांनी वर्षाने कॅलिब्रेशन लागतंच, आपटलं की काटा शून्यावर येत नाही आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. आणि कोणाच्या घरी जुनं पाऱ्याचं मशीन माळ्यावर पडलं असेल, "ते सगळ्यात अचूक" म्हणून जपून ठेवलेलं, तर अचूक ते होतंच, पण पारा विषारी म्हणून मिनामाता कराराखाली ते जगभर बंद होत आलंय. ते कचऱ्याच्या डब्यात टाकू नका, नळी फुटली तर पारा घरभर पसरतो. हॉस्पिटलमध्ये विचारा, घातक कचरा घेणारे असतात त्यांच्याकडे द्या.